खोके आणि कार्डापलीकडची तपासणी
मूळ खोके व वॉरंटी कार्ड असल्यास खासगी विक्रेत्याकडून वापरलेले महागडे घड्याळ निर्धास्तपणे घ्यावे, हे येथे मांडले गेलेले मत मला अपुरे वाटते, कारण दोन्हींच्या नकला मिळतात. कार्डावरचा अनुक्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. जुन्या रोलेक्सवर तो सहाच्या आकड्याच्या बाजूला, पट्ट्याच्या जोडाआड घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर (केसवर) कोरलेला असल्याने पट्टा काढल्याखेरीज दिसत नाही. क्रमांक जुळला तरी आतले यंत्र बदललेले असू शकते, म्हणून आपण निवडलेल्या घड्याळजीकडून मागचे झाकण उघडून घ्यावे आणि (विक्रेता कितीही घाईत असला तरी) त्यानंतरच बँकेमार्फत पैसे द्यावेत. चोरीच्या मालाची शक्यता असतेच; तेव्हा अनुक्रमांक नमूद केलेली, विक्रेत्याच्या सहीची पावती जरूर घ्यावी.