सुस्थितीतला जुना जीपीएस संच कधी बदलावा? (सेसना १७२, जीएनएस ४३०डब्ल्यू)

ओहायोकर

नमस्कार. माझ्या आणि माझ्या एका मित्राच्या सामाईक मालकीचे १९७८ सालचे सेसना १७२ विमान ओहायोतील एका लहान विमानतळावर उभे असते. आधीच्या मालकाने २००८ मध्ये त्यात गार्मिनचा जीएनएस ४३०डब्ल्यू (जीपीएस आणि रेडिओ एकाच खोक्यात) बसवून घेतला होता आणि तो आजही व्यवस्थित चालतो. पडदा स्वच्छ दिसतो, उपग्रह लवकर पकडले जातात आणि दर अठ्ठावीस दिवसांचा डेटाबेस मी न चुकता भरतो. दुसरा रेडिओ त्याहून जुना असून त्यावर व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्रावरून दिशा दाखवणारा संदेश) आणि आयएलएस (धावपट्टीवर उतरण्याची वाट दाखवणारा संदेश) दोन्ही मिळतात. एडीएस-बी (विमानाने स्वतःचे स्थान सतत प्रसारित करणे) सक्तीचे होण्यापूर्वी, म्हणजे २०१९ च्या अखेरीस, आम्ही हे प्रसारण करणारा नवा ट्रान्सपॉन्डर घेतला. परंतु त्याच्यात स्वतःचा जीपीएस नसल्यामुळे त्याला स्थानाची माहिती ४३०डब्ल्यूच पुरवतो.

पुढील वार्षिक तपासणी मार्चमध्ये आहे. त्या वेळी पॅनेल उघडेलच, तर त्याबरोबर नवा संच बसवून घ्यावा असे माझ्या मनात आहे. माझ्या मित्राचे म्हणणे असे की जे बिघडलेले नाही त्याला हात लावू नये, आणि त्या पैशात इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी भर घालावी. त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही, तरीही उत्पादन बंद झालेल्या एकाच उपकरणावर आमची जीपीएसवरची सगळी आयएफआर (ढगांत केवळ उपकरणांच्या आधारे केलेली) उड्डाणे अवलंबून आहेत, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. आमच्या धावपट्टीला आयएलएस नाही. एलपीव्ही ॲप्रोचने, म्हणजे उंचीचेही (उभे) मार्गदर्शन देणाऱ्या जीपीएसवरच्या उतरण्याच्या मार्गाने, ढगांतून जितके खाली येता येते, त्यापेक्षा उभे मार्गदर्शन नसलेल्या एलएनएव्हीने जवळजवळ अडीचशे फूट वरच थांबावे लागते, आणि वसंत ऋतूतल्या पावसाळी सकाळी तेवढ्या फरकामुळे घरी उतरायचे की दुसरा विमानतळ गाठायचा हे ठरते.

वर्षाला आमची साधारण नव्वद तासांची उड्डाणे होतात. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: जुन्याच ट्रेमध्ये सरकवून बसणारा ॲव्हिडाइनचा आयएफडी ४४०, गार्मिनचा जीटीएन ६५०एक्सआय, किंवा फक्त जीपीएसचे काम करणारा जीपीएस १७५ आणि त्याच्या जोडीला वेगळा नॅव्ह-कॉम (दिशादर्शन आणि संपर्काचा रेडिओ). कोणता घ्यावा हा प्रश्न मी नंतर विचारेन. बदलण्याची वेळ आली आहे हे कोणत्या मापाने ओळखावे, हे मला आधी समजून घ्यायचे आहे.

तारजोडणी

मी टेक्सासमधील एका एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या) शॉपमध्ये गेली चौदा वर्षे काम करत आहे, त्यामुळे माझे उत्तर पॅनेलच्या मागच्या बाजूने येईल.

उपकरणाचे वय हे माप नव्हे. मूळ ४३० हा १९९८ चा संच, वॉस (जीपीएसमधील चूक दुरुस्त करणारी अमेरिकी यंत्रणा) असलेली ‘डब्ल्यू’ आवृत्ती त्यानंतर काही वर्षांनी आली आणि २०११ मध्ये जीटीएन आल्यावर ही मालिका मागे पडली. तरीही यातील असंख्य संच आज बिनतक्रार चालत आहेत. खरे माप असे आहे की आज तो बंद पडला तर तो दुरुस्त होईल का, किती दिवसांत होईल, आणि तोपर्यंत विमानातील आणखी काय काय बंद राहील. उत्पादन थांबलेल्या उपकरणाचे सुटे भाग, विशेषतः पडदा, कधी ना कधी संपतातच. म्हणून तुमच्या संचाचा क्रमांक देऊन निर्मात्याच्या सेवा विभागाला लेखी विचारा की हा संच ठरावीक दराने दुरुस्तीसाठी आजही स्वीकारला जाईल का आणि पडद्याची दुरुस्ती त्यात धरलेली आहे का. त्या उत्तराने तुमचा अर्धा प्रश्न सुटेल.

उरलेला अर्धा प्रश्न तुमच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये दडलेला आहे आणि तो पुष्कळ मालकांच्या लक्षात येत नाही. ४३०डब्ल्यू बंद पडला की तुमचे एडीएस-बीही बंद पडते, म्हणजे जीपीएसवरचे आयएफआर तर जातेच, शिवाय स्वच्छ उन्हाच्या दिवशीही मोठ्या विमानतळांभोवतीच्या हद्दीत शिरण्यासाठी प्रत्येक वेळी नियंत्रकाची परवानगी मागावी लागते. एक खोका, एक एफएम रेडिओएवढा, आणि त्याच्यामागे संपर्काचा रेडिओ, व्हीओआर, आयएलएस, जीपीएस आणि एडीएस-बीचे स्थान अशा पाच गोष्टी टांगलेल्या. त्याच्या वयापेक्षा मला या टांगलेल्या गोष्टींची संख्या जास्त महत्त्वाची वाटते.

माझ्या एका ग्राहकाच्या विमानात दुसऱ्या एका कंपनीचा तितकाच जुना संच होता. तो एका शुक्रवारी परगावच्या विमानतळावर बंद पडला. दुरुस्ती शक्य नसल्याचे कळायला तीन आठवडे गेले, त्यानंतर शॉपमध्ये रांग लागलेली असल्यामुळे आणखी अडीच महिने गेले, आणि बंद संचाला बाजारात किंमत शून्य. चालू संच मात्र आजही विकला जातो, कारण ज्यांना सुट्या भागांसाठी तो हवा असतो तेही चालूच संच मागतात. बदल आपण ठरवलेल्या महिन्यात करणे आणि बिघाडाने ठरवलेल्या महिन्यात करणे यांतील पैशांचा फरक मी अनेकदा बिलावर लिहिलेला आहे.

खर्चाविषयी एवढेच सांगतो की खोक्याच्या किमतीवरून अंदाज बांधू नका. नवी वायरिंग, ॲन्टेनाची केबल, दिशादर्शक सुईच्या इंडिकेटरशी आणि ऑटोपायलटशी जुळणी, फेरबदलाच्या नोंदीचा ३३७ चा सरकारी अर्ज, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी, वजन-संतुलनाचा नवा हिशेब, हे सगळे धरले की मजुरी कित्येकदा उपकरणाच्या जवळ जाऊन पोहोचते. आयएफडी ४४० जुन्या ट्रेमध्ये बसतो म्हणून तेथे मजुरी बरीच वाचते. जीटीएन ६५०एक्सआय पुढून तेवढ्याच उंचीचा दिसतो, परंतु त्याचा ट्रे आणि कनेक्टर वेगळे असल्यामुळे मागची जोडणी नव्याने करावी लागते.

ढगांतला गुरुजी

मी आयएफआर शिकवतो. वरील तांत्रिक मुद्दे मला मान्य आहेत, तरी बदल करायचाच हा निष्कर्ष त्यांतून आपोआप निघतो असे मला वाटत नाही.

तुमच्याकडे वॉस नसलेला जुना ४३० असता तर मी विचारच करू दिला नसता, कारण तो उंबरठा फार मोठा आहे. वॉसची यंत्रणा जुलै २००३ मध्ये सुरू झाली. अडतीस भू-स्थानके उपग्रहांच्या संदेशांतील चूक मोजतात, भूस्थिर उपग्रह ती दुरुस्ती विमानापर्यंत पोहोचवतात, आणि संदेश विश्वासार्ह राहिला नाही तर सहा सेकंदांत वैमानिकाला तसे कळते. त्याच बळावर एलपीव्ही ॲप्रोच काही ठिकाणी २०० फुटांपर्यंत खाली आणतो. वॉस नसलेल्या संचाला हे मिळत नाही, आणि उतरण्याचे ठिकाण व पर्यायी विमानतळ या दोन्हींसाठी केवळ जीपीएस ॲप्रोचवर विसंबून उड्डाणाचा आराखडाही दाखल करता येत नाही. हा उंबरठा तुमच्या विमानाने २००८ मध्येच ओलांडलेला आहे. आता नवा संच घेतलात तरी किमान उंची तीच राहील, धावपट्टी तीच राहील.

मग नव्या संचात काय मिळते? ४३०डब्ल्यूमध्ये व्हिक्टर हवाई मार्ग नावाने भरता येत नाही, त्यावरचा प्रत्येक बिंदू गुंडी फिरवून घालावा लागतो. नवे संच तो मार्ग एका ओळीत घेतात. नियंत्रकाने अचानक एखाद्या बिंदूवर घिरट्या घालायला सांगितले तर नवा संच ते होल्डिंग आखून देतो, जुन्यात तुम्हाला ते डोक्यात धरावे लागते. वळणदार टप्पे असलेले काही ॲप्रोच जुन्याला उडवताच येत नाहीत. एकट्याने ढगांत उडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा भार यामुळे खरोखर हलका होतो आणि मी त्याला कमी लेखत नाही. परंतु हा लाभ उपकरण शिकल्यानंतर मिळतो, बसवल्यानंतर नव्हे. मी एका वैमानिकाला नव्या टचस्क्रीनवर ढगांमध्ये ॲप्रोच शोधताना पाहिले आहे. मान खाली, बोट पडद्यावर, आणि उंची तीनशे फुटांनी घसरलेली. जुन्या संचावर हीच व्यक्ती न बघता बटणे दाबत असे.

म्हणून माझे माप असे: मागील दोन वर्षांचे लॉगबुक काढा आणि प्रत्यक्ष ढगांत किती एलपीव्ही ॲप्रोच केले, त्यांतील किती ठिकाणी एलएनएव्हीवर उतरता आले नसते, हे मोजा. ती संख्या दोन-तीन असेल तर तुमच्या मित्राचे ऐका.

शिवाय मार्च हा महिना मला पटत नाही. तुमच्या विमानाला बर्फरोधक यंत्रणा नाही, म्हणजे ओहायोतल्या नोव्हेंबर ते मार्चच्या ढगांत तुम्ही तसेही जाऊ शकत नाही. विमान शॉपमध्ये उभे राहायचे असेल तर ते जानेवारीत राहू दे. मार्चमध्ये दिलेत आणि काम लांबले तर एप्रिल-मे, म्हणजे तुमचा एलपीव्हीचा खरा हंगाम, हातचा जाईल.

बारामतीचे आकाश

भारतातल्या अनुभवातून थोडी भर घालतो. आपल्याकडे वॉसचे भावंड म्हणजे गगन. विषुववृत्ताजवळच्या आयनोस्फिअरमुळे संदेशाला होणारा विलंब येथे फार चंचल असतो, तो हिशेबात धरून ही यंत्रणा उभारावी लागली. डिसेंबर २०१३ मध्ये तिला मार्गावरील दिशादर्शनासाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह ॲप्रोचसाठी प्रमाणपत्र मिळाले. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोच्या एटीआर विमानाने राजस्थानात किशनगडला गगनच्या आधारे एलपीव्ही ॲप्रोच केला. अशा धावपट्ट्या वाढत जातील तसतसे ‘वॉसवाला संच घेऊन काय उपयोग’ हा आमच्या प्रशिक्षण संस्थांमध्ये नेहमी ऐकू येणारा प्रश्न मागे पडेल.

आमची अडचण तुमच्यापेक्षा वेगळी आहे. सुरुवातीच्या जी१००० (गार्मिनचे डिजिटल पॅनेल) असलेल्या विमानांत वॉस आणायचे तर केवळ सॉफ्टवेअर पुरत नाही, आतील जीआयए ६३ हे एकक बदलून त्याची ‘डब्ल्यू’ आवृत्ती घालावी लागते, आणि सगळे पॅनेल एकसंध असल्यामुळे एकेक भाग सवडीने बदलण्याची मुभा राहत नाही. तुम्हाला ती मुभा आहे, ती जपा.

ओहायोकर

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन्ही कामे केली. लॉगबुकात मागील दोन वर्षांत प्रत्यक्ष ढगांतले एकोणीस एलपीव्ही ॲप्रोच निघाले. त्यांतील सात वेळा एलएनएव्हीवर आम्हाला परत फिरावे लागले असते. सात ही संख्या पाहून माझा मित्र बराच वेळ काही बोलला नाही. सेवा विभागालाही लिहिले आहे, उत्तराची वाट पाहत आहे.

दोन शंका उरल्या आहेत. दुहेरी वारंवारतेचे, एल-५ (जीपीएसची नवी वारंवारता) आणि गॅलिलिओ (युरोपची उपग्रह यंत्रणा) वापरणारे संच येणार आहेत असे वाचतो. त्यांच्यासाठी थांबावे का? आणि जीपीएस १७५ स्वस्त पडतो, तर तो का घेऊ नये?

तारजोडणी

एल-५ चा, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झचा संदेश उपयोगी आहे. दोन वारंवारतांची तुलना करून आयनोस्फिअरची चूक विमानातच काढता येते. परंतु तुमच्या वर्गातील विमानात बसवता येईल असा प्रमाणित संच आज मी तुम्हाला विकू शकत नाही, आणि तुम्ही आज वापरता ते सगळे ॲप्रोच सध्याच्या एल-१ या मूळ वारंवारतेवरच उभे आहेत. त्यासाठी थांबू नका.

जीपीएस १७५ चांगला आहे, परंतु त्यात संपर्काचा रेडिओ नाही, व्हीओआर नाही, आयएलएसही नाही. ४३०डब्ल्यू काढून तो बसवलात तर हे सगळे तुमच्या त्या जुन्या दुसऱ्या रेडिओवर येऊन पडेल. म्हणून जोडीला नवा नॅव्ह-कॉम घेणे भाग आहे, आणि तो घेतला की स्वस्ताई बरीचशी विरते. जानेवारी २०२२ मध्ये डेन्व्हर परिसरात आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॅलस-फोर्टवर्थ भागात जीपीएसचा संदेश विस्कळीत झाला होता. डॅलसच्या वेळी आमच्या शॉपचा फोन दिवसभर वाजत होता, कारण प्रत्येकाला आपलाच संच बिघडला असे वाटत होते. अशा वेळी जुना जीपीएस आणि नवा जीपीएस सारखेच आंधळे असतात, कामी येतो तो चांगल्या स्थितीतला व्हीओआर-आयएलएस. एफएए (अमेरिकेचे हवाई वाहतूक प्रशासन) व्हीओआरची संख्या कमी करत आहे हे खरे, पण जीपीएस गेला तरी १०० सागरी मैलांच्या आत उतरता येईल असा एक विमानतळ मिळावा, या हिशेबानेच उरलेले जाळे राखले जात आहे. ते वापरणारा रेडिओ विमानात असला पाहिजे.

ओहायोकर

आमचे ठरले. या उन्हाळ्यात ४३०डब्ल्यूवरच उडायचे. वार्षिक तपासणी मार्चऐवजी जानेवारीत उरकून त्याच वेळी आयएफडी ४४० बसवायचा, आणि जुना संच चालू असतानाच विकायचा. मजुरीत जे वाचेल ते इंजिनाच्या खात्यात जाईल, ही माझ्या मित्राची अट मी आनंदाने मान्य केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वच्छ आकाशात प्रशिक्षकाबरोबर किमान दहा ॲप्रोच केल्याशिवाय दोघांपैकी कोणीही नव्या संचासह ढगांत जाणार नाही. शॉपने ॲन्टेनाची जुनी केबल ठेवायची की बदलायची असे विचारले आहे.

तारजोडणी

बदला. २००८ ची केबल आहे, छताचे अस्तर एकदा उतरणारच आहे, आणि नव्या संचाला उपग्रह नीट दिसले नाहीत तर त्याच अस्तरासाठी दुसऱ्यांदा मजुरी द्यावी लागेल. ॲन्टेनाखालचे गॅस्केटही त्याच वेळी नवे घालायला सांगा. जुन्या सेसनात पाणी आत शिरते ते कित्येकदा तेथूनच.