लँडरचं मत वाया जात नाही
न्यूयॉर्कच्या महापौरपदाचे एक उमेदवार ब्रॅड लँडर यांना दिलेलं मत फुकट गेलं, असं काही जण म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये तसं होत नाही. जून २०२५ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) पाच जणांपर्यंत पसंतीक्रम देता येत होता. मी पहिला लँडर, दुसरा ममदानी लिहिला. लँडर बाद झाल्यावर मत आपसूक पुढे सरकलं. दोघांनी एकमेकांना पाठिंबा दिला तो याच हिशेबाने. आणखी एक उमेदवार, न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर कुओमो, यांना मी कुठेच जागा दिली नाही. लैंगिक छळाच्या आरोपांनंतर (ते त्यांना अमान्य आहेत) २०२१ मध्ये गव्हर्नरपद सोडलं आणि २०२५ मध्ये महापौर व्हायचं होतं? ममदानींची भाडं गोठवण्याची घोषणा मात्र फक्त भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेल्या घरांपुरती. आमचा घरमालक निर्धास्त आहे! नवऱ्याची पक्षनोंदणी नसल्याने त्याला प्रायमरीत मतच नव्हतं, तो नुसताच चिडचिड करत होता.