'सेटलमेंट हाउस'ला मराठीत काय म्हणायचं?

हल हाउसवर मराठीत लेख लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ मध्ये शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या मोठ्या घरात बिऱ्हाड थाटलं, ते अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं सेटलमेंट हाउस. कोशात बघितलं तर सेटलमेंट म्हणजे 'वसाहत'. पण 'वसाहतगृह' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार गरिबांसाठी बांधलेल्या चाळी, आणि प्रकार तर बरोब्बर उलटा होता, कॉलेज शिकलेल्या खात्यापित्या घरच्या मुली स्वतः उठून कामगारवस्तीत राहायला गेल्या, राहण्याखाण्याचे पैसेही स्वतःच भरायच्या, आणि आजूबाजूला सगळे इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू. म्हणजे वस्ती केली ती यांनी. सुचवा काहीतरी.

— ताई, मी सोलापूरची. एक विनंती, नुसतं 'सेटलमेंट' ठेवू नका. आमच्याकडे सेटलमेंट म्हटलं की तारेचं कुंपण आणि हजेरी आठवते, इंग्रजांनी ज्यांच्यावर 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला त्या लोकांना तिथे कोंडलं होतं, कायदा गेला १९५२ मध्ये पण वस्तीचं नाव अजून तेच. इंग्रजीत शब्द एकच असला तरी इथल्या माणसाच्या कानाला तो दुखतो.

— 'सेवासदन' कसं वाटतं? रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं १९०९ चं, त्याच काळातलं, लोकांना लगेच कळेल.

सोलापूरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू ताई, 'सेटलमेंट' कटाप. सेवासदन ओळखीचं आहे हे खरं, पण सेवा म्हटली की एक देणारा आणि एक घेणारा येतो आणि अ‍ॅडम्सबाईंना नेमकं तेच नको होतं, त्या स्वतःला शेजारीण म्हणवायच्या. गल्लीत कचरा कुजतोय म्हणून १८९५ मध्ये त्या वॉर्डाच्या कचरा-इन्स्पेक्टर झाल्या आणि सकाळी सहाला उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरायच्या, याला मी सेवा नाही म्हणणार, शेजारधर्म म्हणेन. म्हणून मला 'शेजारघर' आवडतंय. आणि याला आपल्याकडे आधारही आहे, अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत नागपाड्याला याच धर्तीवर घर काढलं त्याचं नाव 'नेबरहुड हाउस', १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा (आताची टिस) तिथूनच सुरू झाली.

आता दुसरा शब्द, 'स्वेटशॉप'. 'घामाचा कारखाना' मला अजिबात पटत नाही. मराठीत घाम गाळणं ही अभिमानाची गोष्ट, आपण आपला गाळतो. इथे 'स्वेटर' म्हणजे मधला ठेकेदार, तो मोठ्या कंपनीकडून कापलेलं कापड उचलायचा आणि शिवणाऱ्यांचा घाम काढायचा. आणि कारखाना तरी कुठला, कितीतरी शिवण राहत्या खोलीतच चालायचं, तिथेच स्वयंपाक, तिथेच आजारी पोर. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली अशा खोल्या स्वतः बघून आल्या, त्यातूनच १८९३ चा इलिनॉयचा कायदा झाला, चौदाच्या आतल्या मुलांना कारखान्याच्या कामाला बंदी, बायकांना आठ तास, आणि अंमलबजावणीसाठी मुख्य फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणून केलींनाच नेमलं. आठ तासांचं कलम १८९५ मध्ये कोर्टाने उडवलं, याची मला आजही चीड येते.

— घाम काढणं आणि गाळणं हा फरक लाखमोलाचा. आमच्याकडे बायका घरी विड्या वळतात, पैसे वळलेल्या विड्यांच्या हिशोबावर, त्यामुळे तुम्ही सांगताय ती खोली मी बघितलेली आहे. 'ठेक्याची शिवणखोली' लिहा, वाचताना खोलीच दिसली पाहिजे.

'ठेक्याची शिवणखोली' घेतला. शेजारघर आणि शिवणखोली, पहिली ओळ आता लिहिते.