फाटकं आणि हाताचे सिग्नल: नोंदी ठेवण्यात वेळ घालवावा का?

नॅरोगेजवाला, बडोदे
गायकवाडांच्या नॅरो गेजवरची, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवरची, जुनी फाटकं आणि हाताचे सिग्नल (खांबावर वर-खाली होणारी पट्टी असलेले) यांच्या नोंदी आत्ताच झाल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. डभोई-मियागाम मार्ग १८६२चा. खंडेराव महाराजांच्या काळात त्यावर आधी बैल डबे ओढायचे, वाफेचं इंजिन १८७३ मध्ये आलं. रुळांत २ फूट ६ इंच अंतर असलेल्या त्या जाळ्याचा बराच भाग आता रुंद रुळांच्या ब्रॉड गेजखाली गेलाय. २०२१ मध्ये डभोईवरून केवडियाला (आताच्या एकता नगरला) मोठी गाडी सुरू झाली. एखादं इंजिन चौथऱ्यावर जपलं जातं. फाटकाचं हँडल, तारा, कंदील मात्र भंगारात जातात.

नुसते फोटो पुरत नाहीत. सिग्नलच्या हाताला दोन काचा असत, एक लाल आणि एक निळसर. रॉकेलची ज्योत पिवळी असते, तिच्यापुढे निळी काच आली की ड्रायव्हरला हिरवा दिसे! हात ओढणारी तार तुटली तर हात वजनाने आपोआप आडवा होई, म्हणजे गाडी थांबे. हे फोटोत कुठे दिसणार? त्यासाठी जुने गेटमन आणि सिग्नल खात्यातले खलाशी (मदतनीस) यांच्याजवळ बसायला हवं. मी फाटकाचा नंबर, किलोमीटर, दोन्हीकडची स्टेशनं, फाटक झुलतं होतं की उचलतं, चावी कुणाकडे असायची, एवढं तरी लिहून घेतो.

रावपुरेकर
मला हे पटत नाही. फाटकावर माणसं मेली आहेत. रेल्वे सुरक्षेवरच्या अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये सगळीच फाटकं, गेटमन असलेलीसुद्धा, पाच वर्षांत काढा असं सांगितलं होतं. बिनगेटमनची फाटकं ब्रॉड गेजवरून गेली ती थेट जानेवारी २०१९ अखेरीस. गेटमन असलेली अजून कितीतरी उभी आहेत. हाताशी वेळ असेल तर तिथे पूल मागा, अर्ज लिहा. लोखंडाच्या आठवणी जपण्यापेक्षा ते महत्त्वाचं.

नॅरोगेजवाला, बडोदे
फाटकं ठेवा असं मी कुठे म्हटलं? पाडायची तर पाडा, पण आधी लिहून ठेवा. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नलचा हात पडायचाच नाही, म्हणजे गाडीला वाट मिळायचीच नाही, ही जोडणी माणसाची चूक अडवायला केलेली होती. जॉन सॅक्सबीने इंग्लंडमध्ये रुळांचे सांधे आणि सिग्नल यांच्या अशाच जोडणीचं पेटंट घेतलं ते १८५६ मध्ये. ही विद्या आमच्याकडच्या लहान गाडीवर कुठे होती, कुठे नव्हती आणि का नव्हती, हे कळलं तर तुमच्याच मुद्द्याला बळ मिळेल.

निवृत्त सिग्नलवाला
छंद चांगला. पण नॅरोगेजवाले, आजकालची मुलं रुळांत उभी राहून फोटो काढतात ते मला अजिबात चालत नाही. परवानगीशिवाय हद्दीत शिरलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी स्टेशन मास्तरांना भेटा. आणि सिग्नलचे दिवे विकत घेऊन दिवाणखान्यात टांगणाऱ्यांना नोंदी करणारे म्हणू नका. दिवा खांबावरून निघाला की कुठल्या फाटकाचा, हे सांगणारं कुणी उरत नाही.

डभोईची लेक
सिग्नलवाले काका, तुमचं पटलं, पण आमच्याकडे बरीच माहिती कागदावर नाहीच. गेटमनची बायको फाटकाशेजारच्या खोलीतून गाडीचा आवाज ओळखायची, वेळ आली तर झेंडीही धरायची. यंत्राबरोबर त्या बाईलाही विचारा. आणि ती गुजरातीत बोलेल तर गुजरातीतच लिहून घ्या, नाहीतर तिचे निम्मे शब्द गळून पडतील.

रावपुरेकर
ताई, हे मात्र मला पटलं, माणसांची आठवण लिहिण्यासारखीच आहे. नॅरोगेजवाले, माझा मूळ मुद्दा तरीही सोडत नाही. फाटक काढून केलेल्या भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी भरतं आणि गावकरी पुन्हा रुळांवरूनच जातात. तुमच्या वहीत फाटकाच्या जागी आज काय आहे आणि तिथून पावसात कसं जाता येतं, हा रकाना असेल तर मी रविवारी तुमच्याबरोबर येईन.

नॅरोगेजवाला, बडोदे
रकाना घालतो. मियागामच्या बाजूने सुरुवात करू, स्टेशन मास्तरांना मी पत्र देतो.