टीसीच्या (सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होते त्या तापमानाच्या) खाली चुंबकीय फील्ड लावून मिळालेला रेझिस्टन्स नॉर्मल स्टेटचाच आहे हे कसं ओळखायचं?

ओहमकार:
सेमिनारसाठी वायबीसीओ या तांब्याच्या ऑक्साइडवाल्या सुपरकंडक्टरचे हाय-फील्ड पेपर वाचतोय आणि एका ग्राफवर अडकलोय. टीसीच्या खाली फील्ड वाढवत नेलं की आधी रेझिस्टन्स शून्य, मग एकदम वर उठतो, मग चढ कमी होतो पण सपाट काही होत नाही, आणि लोक बिनधास्त म्हणतात की इथून पुढे नॉर्मल स्टेट, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी नसलेली अवस्था. कशावरून? रेझिस्टन्स आला म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी गेली का? आणि एवढं ६०-८० टेस्ला लावायचंच कशाला, टीसीच्या वर मोजा ना सरळ.

भोवरा:
रेझिस्टन्स आला म्हणजे गेली असं अजिबात धरू नकोस. फील्ड आत शिरतं ते व्होर्टेक्सच्या, म्हणजे बारीक भोवऱ्यांच्या रूपात, आणि हे व्होर्टेक्स पिन होऊन (जागी अडकून) बसलेत तोवर शून्य. ते सुटले की करंटमुळे त्यांच्यावर फोर्स येतो, ते सरकतात, आणि सरकले की व्होल्टेज दिसतं. इलेक्ट्रॉनच्या जोड्या तेव्हाही शाबूतच असतात. क्यूप्रेट (वायबीसीओसारखे तांब्याचे ऑक्साइड) थराथरांचे, कोहिरन्स लेंग्थ (साधारण एका जोडीचा आकार) जेमतेम एक-दोन नॅनोमीटर, त्यात तापमान जास्त, त्यामुळे हा व्होर्टेक्स लिक्विडचा (सुटे व्होर्टेक्स फिरत असतात तो) पट्टा चांगलाच रुंद असतो. तापमान खाली नेलं की तो आकसतो. २०१४ मध्ये थर्मल कंडक्टिव्हिटी वापरून एचसी२ (सुपरकंडक्टिव्हिटी संपवणारं फील्ड) शोधलं होतं, वायबीसीओत ०.११ डोपिंगला (दर तांब्याच्या अणूमागे घातलेले होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) साधारण २२ टेस्ला निघालं. ऑप्टिमल डोपिंगला (टीसी सगळ्यात जास्त असतं तिथे) ते शंभरच्या बरंच वर जातं, म्हणून तर सगळे ०.११ च्या आसपास घुटमळतात.

पल्सवाली:
प्रॅक्टिकल सांगते. पल्स काही मिलिसेकंदांची, त्यात एडी करंटने (बदलत्या फील्डमुळे सॅम्पलमध्ये उठणाऱ्या प्रवाहांनी) सॅम्पल तापू शकतं, म्हणून पहिलं काम म्हणजे फील्ड चढतानाचा आणि उतरतानाचा कर्व्ह एकावर एक बसतो का बघायचं. नाही बसला तर पुढची चर्चाच नको. मग करंट बदलून बघ, नॉर्मल स्टेटमध्ये रेझिस्टन्स करंटवर अवलंबून नसतो, व्होर्टेक्स असतील तर बऱ्याचदा असतो (पण लिक्विडमध्ये तोही सरळ ओहमिक वागतो, म्हणजे करंटवर अवलंबून नसतो, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नकोस). हॉलसाठी (करंटच्या आडवं येणारं व्होल्टेज, त्याची साइन वाहक इलेक्ट्रॉन की होल ते सांगते) फील्ड उलटं करून परत मोजायचं आणि वजाबाकी करायची, कारण कॉन्टॅक्ट समोरासमोर कधीच बसत नाहीत. वजाबाकीनंतर हॉल कोइफिशंट फील्डबरोबर बदलायचा थांबला तर जरा विश्वास ठेव.

आणि सपाट व्हायलाच हवं हा हट्ट सोड. नॉर्मल स्टेटला स्वतःचा मॅग्नेटोरेझिस्टन्स (फील्डमुळे वाढणारा रेझिस्टन्स) असतो. एलएससीओ या दुसऱ्या क्यूप्रेटमध्ये क्रिटिकल डोपिंगजवळ (जिथे नॉर्मल स्टेटचा स्वभाव बदलतो) ८० टेस्लापर्यंत तो फील्डबरोबर सरळ रेषेत वाढतच जातो, २०१८ चा पेपर बघ.

भोवरा:
राहिला प्रश्न टीसीच्या वर का नाही मोजायचं. अरे खरी मजा खालीच दडलीये. १९९५ मध्ये अंडरडोप्ड (ऑप्टिमलपेक्षा कमी डोपिंगच्या) एलएससीओत ६१ टेस्लापर्यंतच्या पल्सने सुपरकंडक्टिव्हिटी मारली तर तापमान उतरताना रेझिस्टन्स लॉगरिदमने वाढत जाताना दिसला, टीसीच्या वर बसून हे कुठे कळणार होतं? २००७ मध्ये वायबीसीओत क्वांटम ऑसिलेशन (फील्ड बदलताना रेझिस्टन्समध्ये उठणाऱ्या लाटा) दिसली, फ्रिक्वेन्सी (ही टेस्लातच मोजतात) ५३० टेस्लाच्या आसपास, म्हणजे ब्रिलुआँ झोनच्या (इलेक्ट्रॉनच्या मोमेंटमच्या एकूण जागेच्या) फक्त दोन टक्क्यांचं पॉकेट. त्यात हॉल निगेटिव्ह, म्हणजे होल डोप केलेल्या मटेरियलमध्ये इलेक्ट्रॉन पॉकेट! बहुतेक जण याचं श्रेय चार्ज ऑर्डरला (इलेक्ट्रॉनच्या घनतेच्या ठरावीक नक्षीला) देतात, मलाही तेच पटतं.

ओहमकार:
मग निगेटिव्ह हॉल हा व्होर्टेक्सचाच खेळ नाही कशावरून? व्होर्टेक्स फ्लोमध्येही साइन उलटते ना?

पल्सवाली:
उलटते, आणि हा आक्षेप तेव्हाही आला होता. पण इथे साइन बदलायचं तापमान टीसीच्या वर आहे आणि फील्ड वाढवल्यावर हलत नाही. व्होर्टेक्स असते तर जास्त फील्डला इफेक्ट मरायला हवा होता, इथे तो उलट ठळक होतो.