नववीची भूमिती: वर्गात कळतं, पेपरात अडतं

"वर्गात सगळं कळतं, पेपरात सिद्धता सुटत नाही" असं नववीतल्या एका मुलाने लिहिलंय. फळ्यावरची सिद्धता वाचणं वेगळं, कोऱ्या कागदावर मांडणं वेगळं. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय घे: दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्यासमोरचे, म्हणजे पायालगतचे, कोन एकरूप असतात. आधी आकृती, मग पक्ष (काय दिलंय), साध्य (काय सिद्ध करायचंय), रचना. शिरोकोनाचा दुभाजक पायापर्यंत काढ. आता दोन त्रिकोण झाले: दिलेल्या एकरूप बाजू, दुभाजकाने केलेले एकरूप कोन, सामाईक बाजू. बाकोबा कसोटी (बाजू-कोन-बाजू: दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन एकरूप) लागली, म्हणून पायालगतचे कोन एकरूप. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. पायालगतचे कोन एकरूप धरूनच कसोटी लावतात, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत! शिवाय कोन त्या दोन बाजूंच्या मधला नसतानाही बाकोबा लिहितात. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिही. कारण सुचलं नाही की अडलंय कुठे ते लगेच कळतं.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी पुष्कळ मुलं मराठी माध्यमात शिकतात. त्यांनी एकरूप, समरूप, लंबदुभाजक अशा शब्दांसमोर आकृती काढलेली वेगळी वही ठेवावी. व्याख्या घोकण्यापेक्षा या वहीचा उपयोग फार मोठा. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की दुपारी एकच सिद्धता, पुस्तक मिटून.