जुन्या घराची आतली दारं बदलताना: तुमचे अनुभव

वाईला आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. दगडमातीच्या जाड भिंती, आतली दारं बुटकी आणि एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला खालून वाळवी लागली आहे, माजघराचं दार पार खिळखिळं झालंय. दुकानात साडेसहा नाहीतर सात फुटी तयार फ्लश डोअर, म्हणजे प्लायची सपाट दारं, दाखवतात, आमची चौकट आतून पावणेसहा फूट. एक सुतार म्हणतो चौकटी उखडा आणि भिंत फोडून दार मोठं करा. दुसरा म्हणतो चौकट सागाची आहे, हात लावू नका. ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी मापं, लाकूड, बिजागऱ्या सगळं सविस्तर लिहा. काय केलं त्यासोबत तसं का केलं तेही हवंय.

पटाशी
दुसऱ्या सुताराचं ऐका. जुन्या चौकटीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडाची टोकं दोन्ही बाजूंना भिंतीत गेलेली असतात. ती उपटायला गेलं की आजूबाजूची माती आणि दगड सुटतात, आणि वरचा भार पुष्कळदा लाकडी तुळईवरच असतो. आधी पेचकस घेऊन चौकटीचे पाय जमिनीपासून वीतभर टोचून बघा. रुतला नाही तर लाकूड ठणठणीत. खालचा तुकडाच कुजला असेल तर तेवढाच कापून नवा सांधता येतो. आमच्या पेठेतल्या घरात दोन चौकटी अशाच वाचल्या.

आता माप. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंची दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही कर्ण. आमच्या एका दाराची रुंदी वर साडेतीस इंच आणि खाली तीस होती, गुण्या लावला तर एकही कोपरा काटकोनात नाही. सुताराने ४ मि.मी. प्लायच्या पट्ट्या कापल्या, त्या चौकटीत बसवून एकमेकींना बारीक खिळे मारून जोडल्या आणि अख्खा साचा बाहेर काढला. त्यावर पेन्सिलने 'वर', 'आतली बाजू', 'बिजागरी' असं लिहिलं. फ्लश डोअर करणाऱ्याकडे हा साचाच दिला. दार त्या वाकड्या चौकटीत चारही बाजूंनी सारखी फट ठेवून बसलं.

तयार दार कापून घेणार असाल तर एक सांभाळा. त्याच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी असते. त्यापेक्षा जास्त कापलं की आतला गाभा उघडा पडतो, तिथे पाणी शिरतं आणि बिजागरीचा स्क्रू धरत नाही. तेवढं कापायचंच असेल तर कडेला नवी पट्टी चिकटवून घ्या. दारावर आयएस २२०२ चा, म्हणजे फ्लश दारांसाठीच्या भारतीय मानकाचा, शिक्का आहे का तेही बघा.

तळकोकणी
साच्याची कल्पना फार आवडली. रत्नागिरीकडचं सांगते. आमच्या जुन्या दारांना बिजागऱ्याच नव्हत्या. दाराच्याच लाकडातून वर-खाली गोल खुंट काढलेले, खालचा उंबऱ्यातल्या खळग्यात फिरायचा. नवी दारं बिजागरीवर घेतली, पण उंबरे आणि चौकटी त्याच ठेवल्या.

आमच्याकडे खरा प्रश्न पावसाचा. मे महिन्यात छान बसलेलं दार जुलैत मिटत नाही. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळ्यांचं दार असेल तर बाजूची फट सढळ हवी, उन्हाळ्यात ती दिसायला मोठी वाटली तरी चालेल. आणि रंगारी दाराची वरची आणि खालची कड हमखास सोडतो, कारण ती दिसत नाही. ओल नेमकी तिथूनच शिरते. दार टांगायच्या आधी ते आडवं ठेवून सहाही बाजू समोर उभं राहून रंगवून घ्या. हे मी कळकळीने सांगतेय.

गिरगावचा
आमच्या खोलीत २६ इंची दार होतं, भिंत फोडायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं. दोन झडपांचं केलं. एकेक झडप १३ इंचांची, उघडल्यावर जागा खात नाही. बुटक्या, अरुंद घरांना दुझडपी दारासारखं दुसरं काही नाही.

ओळंबा
लेस्टरमध्ये राहतो, घर व्हिक्टोरियन काळातलं. इथलं नेहमीचं माप १९८१ × ७६२ मि.मी., आमच्या एकाही खोलीला ते बसत नाही. थोडं मोठं दार घेऊन तासावं लागतं. किती तासता येईल ते कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आग रोखणाऱ्या दारांना तर ती मर्यादा काटेकोर पाळायची.

वाड्यांनाही उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी. जमीन उताराची असेल तर दार उघडताना खाली घासतं. त्यासाठी 'रायझिंग बट' बिजागरी मिळते, उघडताना दार वर उचललं जातं. मात्र दाराच्या वरच्या कडेला बिजागरीच्या बाजूने थोडा रंधा मारावा लागतो, नाहीतर ते चौकटीला अडतं. दुसरं, दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर चौकटीचा पाय ओळंब्यात नाही. चौकट न हलवता एका बिजागरीची खाच थोडी खोल करायची किंवा दुसरीच्या मागे पातळ पुठ्ठा घालायचा, म्हणजे दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका ओळंब्यात येतात. दार मग सोडाल तिथे थांबतं.

पायवाट
जुनी चौकट ठेवणाऱ्यांनी तिच्यावरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं. पाणी मारून ओलं घासा, पोरांना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा. धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

धागाकर्ती
मनापासून आभार. चौकटी राहणार, हे घरात ठरलं. अजून दोन शंका. शहाबादी फरशीवर नव्या टाइल्स घालायच्या आहेत, मग दारं आधी करू की नंतर? आणि जिन्याखाली न्हाणीघर काढलंय, त्याची चौकट वरून तिरकी आहे.

पटाशी
टाइल्स आधी. मसाला धरून जमीन दीड-दोन इंच सहज वर येते, आणि तुमची उंची मुळातच कमी. साचा टाइल्स बसल्यावरच घ्या. जमलं तर शहाबादी काढूनच टाइल बसवा, तेवढी उंची वाचेल. न्हाणीघराला पोकळ पीव्हीसी (प्लास्टिक) किंवा एफआरपीचं (फायबरचं) तयार दार नको, ते तिरकं कापता येत नाही. भरीव डब्ल्यूपीसी घ्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं. करवतीने हव्या त्या कोनात कापलं जातं आणि पाण्याने फुगतही नाही.